एक बूच राहिले

मित्रांनो, मी एक जुना ओपनर आहे. बाटलीचे पत्र्याचे बूच काढणारा, वीतभरही लांबी नसलेला पोलादाचा तुकडा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एका खिळ्याला सुतळीने टांगलेला असतो. तिथून मला बाहेरचे दार दिसत नाही, पण ऐकू येते. त्या दुपारी कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग मालकांच्या चपला काढल्याचा आला, मागोमाग मुलीच्या बुटांचा. मी तिसऱ्या पावलांची वाट पाहिली. मालक आत आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. फळीवर दोन छोटे ग्लास होते, त्यातला एक त्यांनी उचलून धुतला. तो स्वच्छच होता. पुसून त्यांनी तो पुन्हा दुसऱ्याला चिकटून ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा जरा." ते बसले नाहीत. तेव्हा मला कळले की मालकीणबाई आता घरी येणार नाहीत.

मला कोणत्या कारखान्याने बनवले नाही. मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा त्यांना एका छोट्या ब्रुअरीतून बोलावणे आले. पोती वर नेणारी लिफ्ट मध्येच अडकली होती. ब्रुअरी म्हणजे एका गॅरेजच्या मागची शेड. दोन उंच टाक्या, कायम ओली फरशी, भाजलेल्या बार्लीची पोती आणि गमबूट घालून वावरणारी एक बाई. बिअर तीच बनवायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कुणी घाईने घोट घ्यायला गेले की ती त्याच्या हातातला ग्लास काढून घ्यायची आणि आधी वास घ्यायला लावायची. लिफ्ट सुरू झाली तशी तिने मालकांना एक बाटली दिली.

बाटली घरी आली, पण घरात ओपनर नव्हता. मालकांनी बुचाची कड ओट्याच्या कडेला टेकवली आणि वरून मूठ हाणली. बूच उडाले, त्याबरोबर ओट्याचा टवकाही उडाला. मालकीणबाई म्हणाल्या की लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःचे घर फोडायला घेतले आहे. दुसऱ्या दिवशी मालकांनी लिफ्टच्या जुन्या दाराची उरलेली पट्टी कानशीने घासली, वाकवली, तिला एक दात काढला. असा माझा जन्म झाला. तो टवका अजून तसाच आहे.

मित्रांनो, माझे काम क्षणभराचे. पण त्या क्षणी बाटलीचा पहिला श्वास माझ्याच अंगावर येतो. कधी संत्र्याच्या सालीचा, कधी भाजलेल्या पावाचा, कधी ओल्या गवताचा. ती पहिली बाटली घरात येण्याआधी मालकांना वाटायचे की बिअर म्हणजे पिवळे, गार, कडू पाणी आणि सगळीकडे एकच. तिने दोघांनाही नाद लावला. सुट्टीच्या दिवशी बस पकडायची, कुठेतरी नवी छोटी ब्रुअरी शोधायची, बनवणाऱ्याशी गप्पा मारायच्या आणि एक बाटली घेऊन यायची. एकच. ती दोन छोट्या ग्लासांत अर्धी अर्धी. एका तळघरात दोन भाऊ बिअर बनवायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. थोरल्याची कडूजहर, धाकट्याची गोडसर. मालकीणबाईंनी दोघांची एकेक बाटली आणली, घरी एकत्र ओतली आणि म्हणाल्या की आता बोलतील.

त्या शिवणकाम करायच्या, त्यामुळे चवही कापडातच सांगायच्या. एखादी बिअर वरून छान पण आतून अस्तर नसलेली, एखादी बगलेत उसवलेली, एखादी मापापेक्षा मोठी. मालकांकडे मात्र दोनच शेरे होते, बरी आहे आणि बरी नाही.

"अहो, चव विचारली की तुम्ही निकाल सांगता," त्या म्हणायच्या.

"मग तू सांगतेस ना चव," मालक म्हणायचे. "घरात एकाला कळलं की बास."

हे त्यांचे खरेच ठरलेले होते. बाटली सांभाळायची मालकांनी आणि चव लक्षात ठेवायची मालकीणबाईंनी. कुठे काय प्यायलो हे त्यांना वर्षानुवर्षांनीही आठवायचे. मालकांनी कधी डोक्याला ताण दिला नाही.

पुढे मास्तरणीने एक काळी, जड बिअर केली. तिने दोघांना दोन बाटल्या घ्यायला लावल्या. एक आत्ता प्या, दुसरी काही वर्षे अंधारात उभी ठेवा आणि मग बघा काय फरक पडतो, असे तिने बजावले. पहिली त्याच संध्याकाळी मी उघडली. श्वास कोळशाचा होता, त्याखाली मनुकांचा. मालकीणबाईंनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"कापड दणकट आहे हो," त्या म्हणाल्या. "पण कोरं आहे. खळ गेली नाही अजून, अंगाला टोचतं. चार पावसाळे जाऊ देत, मऊ पडेल."

मालक म्हणाले, बरी आहे. दुसरी बाटली त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात शिवणाच्या चिंध्यांमध्ये उभी करून ठेवली.

त्यानंतर काही वर्षे आमची चांगली गेली. मग एकदा मास्तरणीचीच ताजी बाटली मी उघडली आणि मालकीणबाई म्हणाल्या, "हिला वासच नाही." मला तर आला होता. संत्र्याच्या सालीचा, अगदी ठसठशीत. पुढच्या बाटलीलाही त्या तेच म्हणाल्या. मालकांचा त्यांच्या नाकावर स्वतःच्या नाकापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी उरलेली बिअर बूच दाबून परत नेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मास्तरणीला सुनावले की नाव झाले तसे तू पाणी घालायला लागलीस. ही हकीकत त्यांनी घरी येऊन जरा तोऱ्यातच सांगितली. मास्तरणीने म्हणे वास घेतला, घोट घेतला आणि एवढेच म्हणाली, "दादा, बिअरला काही झालेलं नाही."

बिअरला झाले नाही, तर मग कुणाला झाले, हे त्या घरात कुणी विचारले नाही.

मालकांनी मास्तरणीकडे जाणे सोडले आणि वास असलेली बिअर शोधायचा चंग बांधला. लांबलांबच्या गावांहून ते बाटल्या आणायचे. धुराची, फळांची, आंबट, नुसत्या हॉप्सच्या कडू फुलांनी घमघमणारी. मी उघडायचो आणि ते मालकीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या म्हणायच्या, "येतोय थोडा." कापडाचे मात्र काही बोलायच्या नाहीत. माझ्या अंगावर एवढे वास कधीच आले नव्हते आणि त्या घरात तेवढी गप्प बिअर कधी प्यायली गेली नव्हती.

एका सकाळी शेगडीवर दूध करपले. सारे घर धुराने भरले आणि मालकीणबाई शेगडीसमोरच भाजी चिरत उभ्या होत्या. मालक धावत आले, गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्याच दिवशी ते त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोक्यात गाठ निघाली. वास गेला होता तो तिच्यामुळे. बिअरवर खापर फोडण्यात मधला सगळा काळ गेला होता. आधी आलो असतो तर, असे मालकांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की सांगता येत नाही. मुलीला फोनवर हे सांगताना मालक तेवढेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्यानंतरचे मी सुरुवातीला सांगितलेच आहे.

आता माझ्या दातावर गंज चढला आहे. सुतळी काळी पडली आहे. मध्यंतरी मुलगी राहायला आली होती. कपाट आवरताना तिला चिंध्यांमध्ये ती काळी बाटली दिसली. आईच्या नावाने आपण दोघे उघडू, असे ती म्हणाली आणि तिने मला खिळ्यावरून काढलेसुद्धा. मालकांनी मला तिच्या हातातून घेतले.

"उघडून काय करू?" ते म्हणाले. "फरक बघायचा होता ना. पहिली कशी लागली ते तिला माहीत. मी नुसतं बरी आहे म्हणालो होतो."

मित्रांनो, मी तिथेच होतो, त्यांच्या मुठीत. मला शब्दन् शब्द आठवत होता. दणकट कापड, कोरे, खळ न गेलेले. पण ओपनरला तोंड नसते, दात तेवढा असतो.

परवा मास्तरीण येऊन गेली. गमबूट नव्हते, त्यामुळे मालकांनी तिला आधी ओळखलेच नाही. "त्या दिवशी मी तुला..." असे त्यांनी सुरू केले, तर ती नव्या पोत्यांबद्दल बोलायला लागली. लिफ्ट पुन्हा कुरकुरते म्हणाली. जाताना तिने ती दुसरी काळी बाटली अजून आहे का ते विचारले आणि मालकांनी बोट दाखवले त्या कपाटाकडे बघितले. ती बिअर आता पुरती मऊ झाली असेल, पण कायमची तशी राहत नाही, या वर्षात उघडा, नाहीतर उतरेल, असे सांगून ती गेली.

मालकांनी तेव्हापासून दोनदा मला खिळ्यावरून काढले. बाटली ओट्यावर, त्या टवक्याशेजारी ठेवली. दोन्ही ग्लास मांडले. माझा दात बुचाखाली लावला. आणि दोन्ही वेळा मला पुन्हा टांगून ठेवले.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. गंजलेला ओपनरही बूच काढतो. एवढेच सांगतो, की घरातले माणूस चव लागत नाही म्हणाले, वास येत नाही म्हणाले, तर आधी बाटली हुंगू नका, ताटाला नावे ठेवू नका. त्या माणसाजवळ बसा आणि त्याला विचारा. आणि ते चव सांगत असेल तेव्हा नीट ऐका. लक्षात ठेवायचे काम एकट्यावर टाकू नका.

बाटली कपाटात उभी आहे. ग्लास धुतलेले आहेत. ती अजून उघडायची राहिली आहे.