पिवळ्या रेघेच्या अलीकडे

“काका, मॅग्नेट बंद आहे. स्क्रीनवर शून्य दिसतंय ना?” इंजिनिअर मॅडम म्हणाल्या.

काकांनी मनगटावरचं बोट काढलं नाही. पंचाऐंशी. जिना चढून आले तेव्हा नाडी सत्तरच्या घरात होती, अधूनमधून ठेचकाळणारी, त्यांची स्वतःची. टेबलाशी बसले आणि पंचाऐंशी. पुन्हा मोजली. एक ठोका इकडचा तिकडे नाही. छातीत कुणी परकं माणूस शिरून कवायत करत असावं तसं.

पेसमेकर बसवून दोनच महिने झाले होते. “चुंबकाच्या आवाक्यात गेलात तर हे यंत्र तुमच्या हृदयाचं ऐकणं सोडेल,” डॉक्टरांनी बजावलं होतं, “आणि आपल्याच चालीने चालेल. मिनिटाला पंचाऐंशी.” आणि लेक रोज सकाळी, तान्ह्याला खांद्यावर थोपटत, दुसऱ्या हाताने बापाची नाडी बघत म्हणायची, “बाबा, रेघेच्या आत पाऊल टाकलंत तर नोकरी बंद. मग बसा घरी नातवाचे लंगोट वाळत घालत.”

मॅग्नेटचा आवाका कुठवर ते दाखवणारी ही पिवळी रेघ काकांचीच. बावीस वर्षांपूर्वी चुंबकत्व मोजायचं मीटर घेऊन, गुडघ्यांवर रांगत, त्यांनी ती फरशीवर मारली होती. कंपनी स्पिनट्रॉनिक्सची. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलंसं लोहचुंबक. त्याचं तोंड वर की खाली, यातच माहिती ठेवायची, म्हणजे वीज गेली तरी पुसली जात नाही. त्या प्रयोगांचा मोठा मॅग्नेट काकांच्या हवाली. त्याला गार ठेवायला वेळेवर द्रवरूप हेलियम पाजायचं, कुरकुरला तर का ते ओळखायचं. काका पेसमेकरच्या रजेवर असताना नवा, दुप्पट ताकदीचा मॅग्नेट आला; आज ते प्रथमच कामावर परतले होते. रेघ मात्र जुनीच राहिली, काकांचं टेबल तिच्या अलीकडे.

काकांनी टेबलाशेजारच्या खिळ्यावरची, दोऱ्याला बांधलेली लोखंडी चावी उचलली आणि पीळ देऊन सोडली. गरगरली आणि मधेच थांबली. टोक मॅग्नेटकडे. पुन्हा पीळ दिला. पुन्हा तिकडेच, हाक मारल्यासारखी.

“पंख्याचा वारा असेल.” मॅडमचा आवाज जरा पडला होता.

“पंखा बंद आहे, मॅडम.”

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी लोखंडी बादली घेऊन आत शिरल्या. “झोपला म्हणे आज तुमचा राक्षस! म्हटलं, त्याच्या पायाखालचं पुसून घ्यावं.” बोलता बोलता त्यांनी रेघ ओलांडलीसुद्धा.

“मावशी, बादली सोडा! मागे या!”

“अहो, ओरडताय काय एवढं—”

काकांनी रेघेशी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि मागे खेचलं. बादली फरशीवर राहिली. क्षणभर नुसती उभी. मग भरल्या पाण्यासकट, कुणी न ढकलता, सरकू लागली. खर्र... खर्र... आणि एकदम धडाड्‌दिशी मॅग्नेटला जाऊन चिकटली. पाणी ठिबकत राहिलं.

“मी पुरवठा शून्यावर आणला,” मॅडम पुटपुटल्या. “आतली कॉइल रिकामी करायची राहिली.”

“स्क्रीन बाहेरचं सांगते, मॅडम. आतल्या गारठ्यात तारेला अडथळाच नसतो, पुरवठा तोडला तरी प्रवाह आपला फिरतच असतो.”

“पण तुम्हाला कसं कळलं?”

काकांनी मनगट पुढे केलं. मग ते बोट नाडीवर ठेवून एकेक पाऊल मागे जात राहिले. टेबलापाशी पंचाऐंशी. कपाटापाशी पंचाऐंशी. दाराच्या उंबरठ्यावर एक ठोका अडखळला आणि त्यांनी श्वास सोडला. मॅडमनी मीटर धरून पाहिलं. आकडाही तिथेच उतरला.

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “रेघ दारापाशी आणली तर तुमचं टेबल आत जाईल. मग इथे काम...” त्या थांबल्या. “रेघ राहू दे ना जुनी. मी कुणाला बोलणार नाही.”

“उद्या दुसरं कुणी येईल छातीत यंत्र घेऊन. ते रेघ बघूनच थांबणार ना?”

पिवळ्या रंगाचा डबा मावशींनी आणून दिला. काका उंबरठ्याबाहेर गुडघ्यांवर बसले. रेघ सरळ आली.

“वाळेपर्यंत कुणी पाय देऊ नका,” ते उठत म्हणाले.

मावशींनी टेबलावरचा काकांचा जेवणाचा डबा, चष्मा आणि छत्री एकेक करून रेघेवरून हातात दिली.

“चावी?”

“असू दे तिथेच.”

खिळ्याला टांगलेली चावी जराही हलत नव्हती. टोक आतल्या बाजूला. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, छत्री काखेत मारली आणि मनगटावर बोट ठेवलं. एकोणसत्तर, अडखळत.