प्रेसशॉपमधल्या इअरमफचा सूड

मित्रांनो, मी एक जुना इअरमफ आहे, आणि मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता. मी हेडफोनसारखा दिसतो, पण माझ्यातून गाणी वाजत नाहीत. माझ्या दोन वाट्यांत फोम असतो. बाहेरचा बराचसा आवाज त्यात जिरतो.

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये मी ज्योतीरामच्या वाट्याला आलो. तिथे पत्रा दाबणारी यंत्रे दिवसभर धाडधाड आपटतात. त्याने मला कानांवर चढवले मात्र, शेजारचा गणराज ओरडला, "काय भावा, बाळंतीण झालास का? कान बांधून आलास!"

सगळे हसले. ज्योतीरामने मला काढून खिळ्याला अडकवले. साहेब आले की मी त्याच्या गळ्यात, गेले की पुन्हा खिळ्यावर. माझ्यावर तेलकट धूळ साचली. मी मनात म्हणायचो, थांब, तुझे कानच तुला शिक्षा देतील.

दिली. त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजू लागली. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. त्याला हे ठाऊक नव्हते. त्याला वाटले, हा शहराचाच गोंगाट आहे. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. दर गुरुवारी तो दिघीची खोली सोडून बाइकवर डोंगराकडे पळू लागला.

शुक्रवारी गणराजला सांगायचा, "बायको म्हणती, घर खातंय का तुम्हाला? पण शांतता पायजे ना राव! काल गेलो, तर तिथंबी टॉवरच्या तारा वाजत होत्या. अजून लांब जायला पायजे."

तारा कसल्या! मला हसू यायचे.

एका गुरुवारी त्याने मला सोबत नेले. भीमाशंकरच्या रानात बसून मला कानांवर घट्ट दाबले. मी माझे काम चोख केले. वारा अडवला, पाखरे अडवली. उरली फक्त शिट्टी, पूर्वीपेक्षा मोठी. त्याने मला काढले, पुन्हा घातले.

"आयला, हे तर माझ्या आतच हाय," तो म्हणाला आणि रडू लागला. मला दया आली नाही.

मग तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सांगितले, की शिट्टी पूर्ण जाईलच असे नाही, पण तिच्याशी भांडणे थांबवले तर त्रास कमी होईल. आता कामावर तो नवा इअरमफ घालतो. मी त्याच्या घरी खिडकीला लटकतो. गुरुवारी तो पंख्याखाली बसतो. श्रद्धा, त्याची बायको, मेथी निवडत विचारते, "वाजतीय का?"

"वाजतीय. वाजू दे. तू बोल."

मी त्याला अजून माफ केलेले नाही. पण पळणे सोडलेल्या माणसाचा पाठलाग तरी कसा करायचा?

मित्रांनो, यंत्रापाशी किंवा डीजेपुढे उभे राहाल तेव्हा कान झाका. आमची चेष्टा करू नका, आम्ही विसरत नाही. आणि कुठे तरी निघून जावेसे वाटले, तर बाइकची किल्ली उचलण्याआधी घटकाभर बसा. आवाज नक्की कुठून येतो आहे, ते आधी ऐका.