समुद्राच्या रंगाचे टी-शर्ट

देवेशने कपाट आवरायला घेतलं तेव्हा त्याची आई सुभद्रा दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कौतुक म्हणता आलं नसतं. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली आणि मुलगा मालवणच्या किनाऱ्याला परत आला, याचा तिला आनंदच होता. पण परत आलेला मुलगा रोज फोनवर कपड्यांचे व्हिडिओ बघतो आणि बत्तीस शर्टांतले सहा ठेवून बाकीचे पोत्यात कोंबतो, हे शेजारणीला सांगायची सोय नव्हती.

"दोन पांढरे, दोन राखाडी, दोन गडद निळे," देवेश समजावत होता. "पँटी तीन. कशावरय कायय घाल, शोभता. सकाळी उठान इचार करूक नको."

"इचार करूक तुका इतक्या जड जाता?" सुभद्रा म्हणाली.

तो हुशार होता, यात वाद नाही. पण हुशार माणसाला एक खोड असते. आपल्याला पटलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्वतःचं कपाट एका खणात मावल्यावर त्याची नजर बापाच्या खुंटीकडे वळली.

गुरुदास त्रेसष्ट वर्षांचे. पहाटे छोटी होडी घेऊन एकटेच जायचे आणि आदल्या दिवशी टाकलेली जाळी ओढून नऊच्या आत किनाऱ्याला लागायचे. त्यांच्या खुंटीवर एक पोपटी शर्ट होता, एक गुलाबी, आणि एक नारिंगी टी-शर्ट, कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेतला, पाठीवरचा आकडा अर्धा उडालेला. वाडीतल्या दर्यावर जाणाऱ्या सगळ्यांचे कपडे असलेच. नारळी पौर्णिमेला घरच्या पुरुषाला नवा शर्ट घ्यायचा आणि तो भडकच घ्यायचा, ही तिथली रीत. वाळूत उभ्या असलेल्या बायका लांबून सांगायच्या, तो पिवळो म्हणजे शंकर, तो नारिंगी म्हणजे गुरुदास. देवेशने हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण रीत कशासाठी आहे हे वाडीत कोणी मुलाला समोर बसवून सांगत नाही. त्यामुळे त्याला तो निव्वळ गावंढळपणा वाटायचा.

यंदाच्या पौर्णिमेला बापासाठी टी-शर्ट त्याने आणले. दोन राखाडी, एक गडद निळा, तिन्ही चांगल्या सुताचे. गुरुदासांनी कापड बोटांनी चाचपून पाहिलं.

"मऊ आसा," ते म्हणाले.

सुभद्रा काहीतरी बोलणार होती. गुरुदासांनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, आणि ती गप्प बसली. भडक कपडे पोत्यात गेले. दुसऱ्या दिवशी देवेशला बाप पोत्यात हात घालताना दिसला.

"बाबानू, तो परत कित्याक काढलात?"

"जाळ्याच्या झेंड्याक व्हयो," नारिंगी टी-शर्ट ओढून काढत गुरुदास म्हणाले. "जुनो फाटलो."

जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून पाण्यात तरंगता बांबू सोडतात, त्याच्या टोकाला हे फडकं बांधायचं होतं. देवेश हसला. अंगावर नाही ना, मग झालं.

पुढचे पंधरा-वीस दिवस गुरुदास राखाडी टी-शर्टात दर्यावर गेले. देवेशने त्यांचा फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवला. बाप माझ्यापेक्षा रुबाबदार दिसतो, असं खाली लिहिलं. मित्रांनी वाहवा केली आणि स्वारी दिवसभर खूश होती.

एका ढगाळ सकाळी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, गुरुदास आले नाहीत. दहा वाजता शेजारच्या शंकरचा फोन आला. त्याची मोठी होडी नुकतीच परत येत होती.

"देवेशा, काकांची होडी गावली," शंकर म्हणाला. "रिकामी आसा."

देवेश फोन घेऊन अंगणात आला.

"आयक माजा," शंकरने विचारलं. "अंगार कपडे खंयचे होते? रंग सांग."

साधा प्रश्न होता. शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. देवेशने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्याला ती रीत समजली, तिच्यातलं अक्षर न् अक्षर समजलं.

"राखाडी," तो म्हणाला.

फोनमधून नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं. मग शंकर म्हणाला, "वेळेर ये, वाळूत. तुका घेतंय."

किनाऱ्यावरून देवेशला घेऊन शंकरची होडी निघाली, मागून वाडीतल्या आणखी तीन निघाल्या. देवेश पुढच्या टोकाला उभा राहिला. वर आभाळ राखाडी, खाली पाणी राखाडी, आणि लाटेच्या पोटात जिथे सावली पडत होती तिथे गडद निळं. बापाला घेतलेला एकूण एक रंग समोर पसरला होता. दोनदा त्याला डोकं दिसलं असं वाटलं. एकदा ते वाहून आलेलं शहाळं निघालं, एकदा प्लास्टिकचा डबा. गावच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घालावं म्हणून त्याने हात जोडले, तर शब्द आठवेनात. त्याला एवढंच म्हणायचं होतं की हा माणूस मला दिसू दे. आपणच त्याला पुसून टाकलं, हे मनात येत होतं आणि ते खोटं आहे असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

सव्वाअकराला शंकरने होडी एकदम वळवली.

"तो झेंडो बघ," तो म्हणाला. "वारो एका बाजून आसा, आणि झेंडो उलटो हलता."

लांब पाण्यात नारिंगी फडकं उभं-आडवं हालत होतं. होडी जवळ गेली तरी देवेशला माणूस दिसेना. फडकं दिसलं, बांबू दिसला, मग बांबू धरून हलवणारे दोन हात दिसले, आणि अगदी होडी लागल्यावर त्या हातांमागे बाप दिसला. ओठ काळेनिळे पडले होते. वर ओढून घेतल्यावर शंकरने पहिल्यांदा त्यांच्या अंगातला ओला शर्ट काढला आणि स्वतःचा पिवळा घातला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतलं. छातीत पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा पेज आणायला घरी गेली आणि बाप-लेक दोघेच उरले. गुरुदास हळूहळू बोलू लागले. उभे राहिले तेव्हा लाट बसली आणि तोल गेला. होडी वाऱ्याने लांब गेली, त्यांना पाण्याची ओढ दुसरीकडे घेऊन गेली. झेंडा दिसत होता म्हणून तिकडे पोहत राहिले.

"शंकराची होडी दोनदा गेली जवळसून," ते म्हणाले. "झेंड्याकडे पोचूच्या आदी."

देवेशने मान वर केली. "हाक मारलात नाय?"

"मारलंय. इंजिनाच्या आवाजात काय आयकाक येता?" गुरुदास छताकडे बघत होते. रागावल्यासारखं काहीच नव्हतं आवाजात. "तू फुडे उभो होतस. माज्याकडेच बघित होतस."

देवेश पलंगाची कड धरून बसला. रडू येत होतं, ते त्याने येऊ दिलं. मग त्याने विचारलं, "बाबानू, तुमका म्हायत होता. आयेकय म्हायत होता. मगे घातलात कित्याक?"

गुरुदासांनी त्याच्याकडे तोंड वळवलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा असे ते क्षणभर बघत राहिले.

"तू इतक्या हौशीन आणलंस," ते म्हणाले. "नको कसा म्हणू?"