पाणी न देणारं गाव

जयराजनं सुट्टी काढून बापाला विलायतेतलं जुनं गाव दाखवायला नेलं, आणि नाथाजींनी गाडीतून उतरल्या उतरल्या नाक मुरडलं. चारशे वर्षांची दगडी घरं, दारोदार गुलाब, रस्त्यावर काडी पडलेली नाही.

"लय जपलंय, आबा."

"काय जपलंय, डोंबल? शेणाचा वास न्हाई, पारावर एक म्हातारं न्हाई. ह्याला गाव म्हंत्यात व्हय?"

खरं तर आष्ट्याचा ऊस वाटेकऱ्यावर टाकून नाथाजी विलायतेत पोराकडं आले होते ते एकच विचारायला, की बाबा, परत कधी येतोस? प्रश्न रोज ओठावर यायचा आणि सूनबाई चहा पुढं करायची. आज दोघंच होते, आज विचारायचंच असं त्यांनी ठरवलं होतं.

हिंडून घसा कोरडा पडला. जयराज दुकान शोधायला लागला. गावात उभं राहून पाणी विकत घ्यायचं? नाथाजींनी सरळ समोरचं दार ठोठावलं.

"आबा, हितं असं मागत न्हाईत!" जयराज कानकोंडा झाला.

आतून कुणी आलं नाही. पुढच्या घरीही तेच. तिसऱ्या दारातून एक बाई चाकाची बॅग ओढत बाहेर आली. जयराजनं तिला विचारून बापाला सांगितलं, की घर तिचं नाही, दोन दिवस भाड्यानं घेतलेलं. मालक लंडनला असतो. आसपासची बरीच घरं तशीच.

"मग मंगल कार्यालय म्हन की रं!" नाथाजी कडाडले. "आज ह्यांचं वऱ्हाड, उद्या त्यांचं. आन् म्हनं गाव! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

जयराज मात्र त्या घरांकडं मायेनं बघत होता. "आबा, आपलं घर बी असंच ठेवायचं माझ्या मनात हाय. गोठा काढून बाग करू. एक मानूस ठेवू देखरेखीला. वर्साला पंधरा दिवस आमी येत जाऊ."

विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं. नाथाजींचा मघाचा सगळा तोरा कुठल्या कुठं गेला.

"आन् मी?"

"तुमी हिकडंच या की कायमचं."

नाथाजी गाडीकडं वळले.

"मी मेल्यावर काय करायचं ते कर, जयराज," ते म्हणाले. "त्या घरात आजून मानूस ऱ्हातंय."