कुंडातल्या आसरा

हातात वही घेऊन गावात फिरणारं माणूस मला आवडत नाही. मागे एकदा अशी वही आली, आणि माझं अर्धं शेत रस्त्यात गेलं. त्यामुळे निशिगंधा नावाची ती मुलगी महाडच्या एसटीतून उतरून गरम पाण्याच्या कुंडाची वाट विचारू लागली, तेव्हा मी सोबत निघालो. वाट दाखवायला म्हणून. खरं तर नजर ठेवायला.

तिनं कुंडाच्या पायऱ्या मोजल्या, फोटो काढले, पाण्यात थर्मामीटर घातला.

"काका, मी दोन वर्षं जपानात होते," ती म्हणाली. "तिथं असंच गरम पाण्याचं गाव आहे."

मोबाइलवर अरुंद गल्ल्या दिसल्या. वाफा निघतायत, आणि झगे घातलेली माणसं लाकडी चपला घालून एका स्नानघरातून दुसऱ्यात चाललीयत.

"तिथं गल्लीगल्लीला गोष्ट आहे. हे पाणी जखमी बगळ्यानं दाखवलं, ते कोल्ह्यानं. लोक गोष्टी ऐकत फिरतात. तुमच्या कुंडाची गोष्ट काय?"

गोष्टी ऐकायला कोणी एवढ्या लांब येतं? मला काय कुकुलं बाळ समजली होती? आज गोष्ट, उद्या कुंपण, परवा फाटकावर रखवालदार. मग माझ्या तुळजाच्या गुडघ्यांचं काय? आठ वर्षं रोज सकाळी ती त्या पाण्यात पाय सोडून बसते, म्हणून दिवसभर चालते. गोळ्यांनी जे झालं नाही ते या पाण्यानं केलं. कुंड गेलं तर बायको अंथरुणाला खिळेल, एवढंच मला दिसत होतं.

मी उभ्याउभ्या गोष्ट रचली.

"या पान्यात साती आसरा हायत, पान्याच्या सात देवी," मी आवाज खाली आणला. "जी बाई या गावात जन्मली नाय, तिनं पाय बुडवला की तिचा घरधनी वरीस काढत नाय."

तिनं पुढं केलेला पाय मागं घेतला, सगळं वहीत उतरवलं आणि जाताना आपला फोन नंबर देऊन माझ्या पाया पडली. गेली एकदाची ब्याद, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा घरातच गुडघ्यांना तेल चोळत बसलेली.

"पान्यावर नाय जायाचं?"

"काल ती पोर एसटीची वाट बघत आमा बायांत बसली व्हती. तुमी सांगितलेली गोष्ट तिनं वाचून दाखवली. मी तर पल्याडच्या नाते गावची. या गावात कुठं जन्मले?"

गावच्या झाडून साऱ्या सुना बाहेरच्या, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

"अगो, खोटी हाय ती! मीच रचली. आठ वरसं पाय बुडवत्येस, मी मेलो काय?"

"गेल्या साली छातीत दुखून तुमाला दवाखान्यात ठेवलं, ते कशानं, ते आता कळलं."

मी तिला देवळात नेऊन शपथ घेतली. निशिगंधाला फोन लावून गोष्ट खोटी असल्याचं तिच्याकडून वदवलं. तुळजा माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

"तिलाबी तुमीच पढवलंत. माझ्या गुडघ्यांपायी खोटी शपथ घेऊ नका."

आता रोज सकाळी मी कुंडातून कळशी भरून आणतो. घरचा चढ संपेपर्यंत पाणी कोमट होतं. "चुलीवर तापवलंय," असं सांगून घमेल्यात ओततो. तुळजा वाकून वास घेते. गंधकाचा वास काही लपत नाही. मग ती दोन्ही हातांनी धरून एकेक पाय घमेल्यापासून लांब, वर उचलून घेते.