सतरा तारखेची ओहोटी

समुद्र कुणाचा नोकर नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सरकारी छापखान्याचा दुसरा मजला पाहिलेला नसतो. तिथे एका प्रूफरीडरच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय गेली एकोणतीस वर्षं देशातल्या एकाही बंदरात पाणी चढलं नव्हतं की उतरलं नव्हतं.

"सतरा तारखेला सकाळी सहा बावन्नला समुद्र उतरेल," त्याने रविवारी जेवता जेवता जाहीर केलं. "मी सांगतोय म्हणजे उतरेल."

"बाबा, मीठ द्या इकडे," मुलगी म्हणाली.

मीठ पोचल्यावर चर्चा पुढे सरकली. चौघांनी दोन दिवस कुठे तरी जायचं, इथवर एकमत झालं होतं. जावई पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकायचा. त्याला पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल हवं होतं. सासऱ्याने मात्र सागरी राष्ट्रीय उद्यान ठरवून टाकलं होतं. गाडीने सहा तास. तिथे ओहोटी पुरती लागली की खडकांचा एक लांब पट्टा उघडा पडतो, त्यावरून अर्धा किलोमीटर समुद्रात चालत जाता येतं आणि डबक्यांतून तारामासे, खेकडे बघता येतात. पुरती लागली नाही, तर किनाऱ्यावरून नुसतं पाणी दिसतं.

"बाबा, एकदा फोनवर बघून घेऊ का वेळ?" जावयाने अदबीने विचारलं आणि अदबीनेच खिशात हात घातला.

"ठेवा तो."

"नाही, नुसतं खात्रीसाठी..."

"त्यातलं कोणी तपासलंय? खाली सही आहे कुणाची? आमच्या भरती-ओहोटीच्या पुस्तकावर तीन सह्या असतात. पहिली माझी."

"अहो, पण तुम्ही कधी समुद्र पाहिलाय का?" मुलगी म्हणाली. वडिलांना ती एरवी 'अहो' म्हणत नसे. चिडली की आईची नक्कल करायची.

त्याने पाहिला नव्हता. छापखान्याचं गाव समुद्रापासून लांब होतं, आणि इतकी वर्षं बघायची गरजही पडली नव्हती. स्वयंपाकघराच्या वासावरूनच पदार्थ ओळखणाऱ्या माणसाला झाकण काढायची घाई नसते. पण मागच्या आठवड्यात नव्या व्यवस्थापकाने त्याला बोलावून सांगितलं होतं, की पुढच्या वर्षीचं भरती-ओहोटीचं पुस्तक हे शेवटचं. नंतर सगळं स्क्रीनवर.

"एकोणतीस वर्षांत एक चूक निघालेली नाही साहेब."

"निघेल कशी?" व्यवस्थापक म्हणाला. "वाचतंय कोण?"

व्यवस्थापक मनाने वाईट नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. तेव्हापासून प्रूफरीडरच्या डोक्यात एकच खूळ. छापलेल्या मिनिटाला, छापलेल्या जागी उभं राहायचं आणि पाणी उतरतं की नाही ते डोळ्यांनी बघायचं. उतरलं, तर एकोणतीस वर्षं कारणी लागली. नाही उतरलं, तर काय, याचा त्याने विचार केला नव्हता. चूक निघेल असं धरून प्रूफं तपासणारे वेगळे; तो त्यांच्यातला नव्हता.

"अगं, तू तरी सांग यांना," तो बायकोकडे वळला.

बायकोने आधी सगळ्यांना वाढलं. मग म्हणाली, "एकोणतीस वर्षं त्या समुद्राचे आकडे माझ्या घरी जेवायला येतायत. एकदा त्याचं तोंड बघू दे मला. आणि मी पुढच्या सीटवर बसणार."

गाडी जावयाची होती, पण विषय संपला.

छापखान्यात प्रूफं दोघांनी वाचायची पद्धत होती. समोर वाचणाऱ्या बाई मूळ कागद धरून मोठ्याने वाचत. तो छापलेल्या कागदावर पेन्सिलीचं टोक सरकवत जाई. "शून्य सहा बावन्न, शून्य पॉइंट तीन," बाई म्हणत. म्हणजे सहा बावन्नला ओहोटी, पाण्याची उंची तीस सेंटिमीटर. "हूं," तो म्हणे. दिवसातून दीड-दोन हजार हूं होत. बाई अधूनमधून "शून्य सहा बावन्न, सून माहेरी, शून्य पॉइंट तीन" असं घुसडून तो जागा आहे का ते बघत. तो दरवेळी जागा असायचा.

ही पुस्तकं वर्षभर आधी तयार करावी लागत. त्यामुळे तो कायम पुढच्या वर्षात राहायचा. पुढच्या वर्षी पौर्णिमा कधी ते त्याला पाठ असे. कालची केव्हा झाली ते बायकोला विचारावं लागे. आपलं चालू वर्ष त्याच्या टेबलावरून केव्हाच गेलेलं असायचं, आणि हातावेगळं केलेलं काम पुन्हा उघडून बघणं तो कमीपणाचं समजायचा.

सोमवारी त्याने रजेचा अर्ज दिला. तासाभरात अर्ज परत आला. तारखेभोवती गोल काढून व्यवस्थापकाने लिहिलं होतं : ही रजा पुढील वर्षाची आहे. त्या वेळी विचार करू.

त्याने साल खोडलं, समासात दुरुस्तीची खूण केली आणि अर्ज घेऊन स्वतः आत गेला.

"सतराला नाही जमणार," व्यवस्थापक म्हणाला. "सतराला शेवटची प्रूफं जायचीयत."

"सोळाला दुपारी तुमच्या टेबलावर असतील."

"आणि काही राहिलं तर?"

"माझ्याकडून?"

"तसं नाही हो. पण मंजूर नाही करता येणार मला."

"अर्ज मंजुरीसाठी नाहीये साहेब," प्रूफरीडर म्हणाला. "माहितीसाठी आहे."

तो बाहेर आला तेव्हा वाचणाऱ्या बाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. दुसऱ्या मजल्यावर इतकं मोठं वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता वाचा. पान एकशे चार."

सोळाला दुपारी बारा वाजता प्रूफं व्यवस्थापकाच्या टेबलावर होती. एक वाजता प्रूफरीडर गाडीत मागच्या सीटवर, मुलीशेजारी, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. पुढे बायको बसली होती आणि दिसेल त्या पाटीचं मोठ्याने वाचन करत होती. तो सवयीने "हूं" म्हणत होता.

रात्रीपुरती उद्यानाच्या विश्रामगृहात सोय झाली. सतराला सकाळी साडेसहाला त्याने सगळ्यांना किनाऱ्यावर आणून उभं केलं. जावयाच्या डोळ्यांवर अजून झोप होती. समोर समुद्र होता. बराच होता. बंधाऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि चौथीच्या पुढच्या दिसत नव्हत्या.

सहा बावन्न झाले. सहा पंचावन्न झाले. खडकांचा पट्टा जिथे असायला हवा, तिथे लाटा होत्या.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "अजून जरा वेळ लागेल का?"

"वेळ लागत नसतो. वेळ असते."

शेवटी जावई चौकीतल्या रखवालदाराला विचारायला गेला, आणि त्याच्या मागोमाग सगळे. रखवालदार चहा पीत होता.

"खडकावर जायचंय? आज नाही उघडत खडक," तो म्हणाला. "पाणी अर्ध्या मीटरच्या खाली गेलं तरच उघडतो. आज भांगाकडे चाललंय, अष्टमीच्या पाण्याकडे. पुरतं चढत नाही, पुरतं उतरत नाही. काका, यायच्या आधी बघून तरी यायचं."

"बघूनच आलोय," प्रूफरीडर म्हणाला. "सहा बावन्न. शून्य पॉइंट तीन."

"कुठे बघितलंत? इथे तर वेगळंच आहे." रखवालदाराने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला दोऱ्याने एक पुस्तक लटकवलेलं होतं, कडा ओलसर, पानांवर चहाचे गोल डाग. "फोन इथे लागत नाही. आम्ही याच्यावर चालतो. बोटवालेही सकाळी येऊन हेच बघून जातात."

प्रूफरीडरने पुस्तक हातात घेतलं. पान शोधावं लागलं नाही. सतरा तारीख : नऊ चोपन्न, शून्य पॉइंट नऊ. मग त्याने पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचं साल वाचलं. ते चालू साल होतं. सहा बावन्न हे पुढच्या वर्षीच्या सतरा तारखेचं होतं. तिथे ते अचूक होतं. तो एक वर्ष लवकर आला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?" जावई जवळजवळ ओरडला.

"छपाई."

"बाबा, सहा तास गाडी चालवलीय मी. तलाव होता तिथे. गरम पाण्याचा!"

"चूक माझी आहे," प्रूफरीडर म्हणाला. "पुस्तकाची नाही. दोन्हीत गल्लत करू नका. तुम्ही गाडीत झोपा हवं तर. मी नऊ चोपन्नपर्यंत इथून हलणार नाही."

"पण बघायचंय काय आता? खडक तर दिसणारच नाही!"

"पाणी थांबतं का ते."

"काका, मिनिटावर नका जाऊ," रखवालदार समजुतीने म्हणाला. "ते पान पलीकडच्या बंदराचं आहे. इथे थोडं मागेपुढे होतं."

"मागेपुढे होत नाही," प्रूफरीडर म्हणाला.

मुलगी नवऱ्याला ओढून गाडीकडे घेऊन गेली. जाताना ती कुजबुजली ते असं, की बाबांना ऐकू जावं : "राहू दे रे. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिस बुडवलंय त्यांनी."

तो चौथ्या पायरीवर उभा राहिला. पाणी उतरत होतं हे खरं. दर दहा मिनिटांनी तो पायरीच्या कडेला लाल पेन्सिलीने रेघ मारायचा आणि बाजूला वेळ लिहायचा. पाचवी पायरी उघडी पडली, मग सहावी. तो पाण्याबरोबर एकेक पायरी खाली गेला. ऊन चढलं. बायकोने चपला काढून सातव्या पायरीवर बसकण मारली आणि पाय पाण्यात सोडले.

"कसा आहे?" त्याने घड्याळावरची नजर न काढता विचारलं.

"कोण?"

"समुद्र."

"गार आहे," ती म्हणाली. "आणि फार बोलतो. तुमच्यासारखा नाही."

नऊ पन्नासला रखवालदार आपणहून येऊन मागे उभा राहिला. नऊ त्रेपन्नला प्रूफरीडरने हात वर केला. नऊ चोपन्नला तो खाली आणला.

"थांबलं," तो म्हणाला.

रखवालदाराने मान डोलावली.

"हे पुस्तक तपासतो मी," प्रूफरीडर त्याच्याकडे वळून म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही? यातले सगळे आकडे?" रखवालदाराने चहाचा कप खाली ठेवला. "मग काका, आत येऊन त्याच्यावर एक सही करा. आमच्या बोटवाल्यांना दाखवतो."

दोघं चौकीकडे गेले. प्रूफरीडर ताठ चालत होता, आणि पेन्सिल त्याने कानामागे खोवली होती.

बायको पायरीवरच बसून राहिली. पाणी तिच्या घोट्यावर होतं. ते हळूहळू टाचेपर्यंत आलं, मग पायरीच्या आणखी अर्धं बोट खाली गेलं. तिने वळून चौकीकडे पाहिलं. तो आत वाकून सही करत होता. तिने पदराने पाय पुसले आणि कुणाला हाक मारली नाही.

पाणी दहा वाजून सहा मिनिटांनी थांबलं.