गच्चीची किल्ली

नर्सबाईंनी उभी हयात इस्पितळात काढली होती. शेवटच्या घटका मोजणाऱ्या कितीतरी माणसांच्या कानाला त्यांनी स्वतः फोन लावून धरला होता, दूरच्या लेकरांचे आवाज ऐकवले होते. पण सख्खी थोरली बहीण गेली, तेव्हा त्यांचाच फोन मुका होता.

झालं होतं असं. फोन कंपनीला दुसऱ्याच कोणाची तरी लाइन तोडायची होती, तोडली बाईंची. घरातलं इंटरनेट गेलं आणि मोबाइलही गेला, कारण दोन्ही एकाच कंपनीची. खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांच्या फोनवरून त्यांनी तक्रार केली. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं एक गोड आवाज सांगत राहिला. मग त्या स्वतः कंपनीच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या साहेबाने मान वर न करताच ऐकवलं, "काकू, सगळ्यांनाच अर्जंट असतं."

त्याच आठवड्यात ताईला अचानक झटका आला. बाईंना कळलं ते सगळं आटोपल्यावर, भाचा दारात येऊन उभा राहिला तेव्हा.

"मावशी, आई सारखी म्हणत होती, धाकटीला फोन लाव. मी लावत होतो गं. पण फोनमधली ती बाई एकच सांगायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी डूख धरला.

पुढे लाइन आपोआप सुरू झाली. कोणी दिलगिरीचा शब्दसुद्धा काढला नाही. आणि मग एका वादळात बाईंच्या गच्चीवरची कंपनीची पेटी जळाली. ती पेटी त्यांच्या यजमानांनी भिडेखातर बसवू दिली होती, आणि साऱ्या गल्लीचं इंटरनेट तिच्यातूनच जायचं. गच्चीला कुलूप होतं. किल्ली बाईंच्या कमरेला.

सकाळी लाइनमन आला. बाईंनी त्याला चहा पाजला. "तुझ्यावर माझा राग नाही रे बाबा. तुझ्या साहेबाला धाड."

साहेब दुपारी आला, तीन जिने चढून धापा टाकत. बाईंनी जाळीचं दार काही उघडलं नाही.

"काकू, जरा किल्ली देता? फार अर्जंट आहे."

"सगळ्यांनाच अर्जंट असतं," बाई म्हणाल्या. "आपण रांगेत आहात. बसा पायरीवर."

साहेब बसला. त्याचा फोन सारखा वाजत होता, वरचे अधिकारी त्याची खरडपट्टी काढत होते. बाई आत बसून निवांत शेंगा सोलत होत्या. मधेच टेलरकाका तणतणत वर आले.

"बाई, भांडण तुमचं कंपनीशी, मग मार आम्हाला का? माझ्या सगळ्या ऑर्डरी अडकल्यात!"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, काका," एवढंच बोलून बाईंनी शेंगांकडे पाहिलं. काका पाय आपटत खाली गेले.

शेवटी साहेबाने हात जोडले. "काकू, तुमच्या बाबतीत चूक झाली, मान्य आहे. सिस्टममधून झाली."

"सिस्टम कोणाच्या पोटची? तिला कुठे शोधू मी?" बाई जाळीजवळ आल्या. "माझ्या भाच्याला फोन लावा. आईचा जीव जात होता तेव्हा फोन का लागला नाही, ते तुमच्या तोंडाने सांगा त्याला. मग उघडते गच्ची."

साहेबाचा चेहरा उतरला. पण हात दगडाखाली होता. त्याने नंबर लावला. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग कंपनीचं, मग झालेली चूक. पलीकडून भाचा काहीतरी बोलला. काय बोलला, ते बाईंना ऐकू आलं नाही, पण साहेबाने फोन ठेवला आणि रुमालाने डोळे पुसले. बाईंनी ते डोळे भरून पाहिलं. त्यांना अजिबात दया आली नाही.

त्यांनी गच्ची उघडली. साहेबाने घाईघाईने खाली थांबलेल्या लाइनमनला हाक मारली.

"दुरुस्तीला नाही उघडली," बाई म्हणाल्या. "पेटी उचला. आजच. माझ्या डोक्यावर तुमचा खिळासुद्धा नको."

"पण काकू, तुम्ही म्हणालात..."

"गच्ची उघडते म्हणाले. उघडली."

पेटी गेली. गल्लीच्या टोकाला नवा खांब रोवून कंपनीने लाइन ओढेपर्यंत सगळ्यांचे हाल झाले. लोक बाईंना तोंडावर काही बोलले नाहीत, पण पाठीमागे त्यांना कैदाशीण म्हणू लागले. साहेबाची बदली कुठेतरी लांब झाली, असं लाइनमननेच येऊन सांगितलं. टेलरकाकांनी तर बाईंचे कपडे शिवायला घेणंच सोडलं. मग उसवलेल्या बाह्या बाई घरीच शिवायच्या, जखमेला घालावेत तसे जाड टाके घालून. त्याच बाह्या मिरवत त्या भर गल्लीतून ताठ मानेने बाजारात जायच्या.